व्हॉल्व्हच्या उजेडातला जो मीक

लंडनच्या उत्तर भागात हॉलोवे रोडवर ३०४ क्रमांकाची एक इमारत आहे. १९६० च्या दशकात तिच्या तळमजल्यावर चामड्याच्या वस्तूंचे दुकान होते आणि वरचे मजले एका तरुण भाडेकरूकडे होते. खाली गिऱ्हाईक पिशव्या पाहत असताना वरून ड्रमचे दणके ऐकू येत, मग गिटार, मग पुन्हा ड्रम. त्रासलेली घरमालकीण केरसुणीचा दांडा छताला ठोकून आपला निषेध नोंदवी. भाडेकरू त्यावर स्पीकर जिन्यात आणून ठेवी आणि आवाज आणखी चढवी. या भाडेकरूचे नाव जो मीक. त्याच्या त्या घरात ध्वनिमुद्रित झालेली ‘टेलस्टार’ ही धून १९६२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तोवर एकाही ब्रिटिश बँडला हे साधले नव्हते. बीटल्सना त्यासाठी आणखी वर्षभराहून अधिक काळ थांबावे लागले.

रॉबर्ट जॉर्ज मीक याचा जन्म ५ एप्रिल १९२९ रोजी ग्लॉस्टरशायरमधील न्यूएंट या लहानशा गावी झाला. समवयस्क मुले मैदानावर असत तेव्हा हा घरामागच्या शेडमध्ये रेडिओ उघडून बसलेला असे. सक्तीच्या लष्करी सेवेत हवाई दलाने त्याला रडारचे काम दिले. पुढे वीज मंडळात नोकरी करताना त्याने तबकडी कोरण्याचे यंत्र मिळवले आणि पहिली ध्वनिमुद्रिका तयार केली. त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते, वाद्य वाजवता येत नव्हते आणि सुरात गाताही येत नव्हते. संगीताच्या धंद्यात शिरायला ही पात्रता थोडी विचित्रच. पण कानाची गोष्ट वेगळी होती.

१९५४ मध्ये तो लंडनला आला आणि आयबीसी या स्वतंत्र स्टुडिओत रुजू झाला. त्या काळचा ध्वनिमुद्रक आपल्या यंत्रांकडे कसा पाहत असे, हे समजल्याशिवाय मीकने काय केले ते नीट कळत नाही.

मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत् दाब अतिशय क्षीण, व्होल्टच्या काही हजारांश भागाइतका असतो. तो वाढवण्याचे काम प्रीअॅम्प्लिफायर करतो. जुन्या यंत्रांत त्यासाठी व्हॉल्व्ह असत. काचेच्या नळीतला तापलेला भाग इलेक्ट्रॉन सोडतो आणि मधली जाळी त्यांचा ओघ कमी-अधिक करते. यंत्र सुरू करून व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागे. घाई उपयोगाची नसे. आवाज प्रमाणात दिला तर तो स्वच्छ वाढतो. प्रमाणाबाहेर दिला तर लहरींची टोके गोलसर दबतात आणि मुळात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात. आवाज जाड होतो, थोडा खरखरतो. पुस्तकी भाषेत याला विकृती म्हणतात.

कंप्रेसरचे काम याच्या पुढचे. गायकाने एखादी तान जोरात घेतली की आवाज मर्यादा ओलांडतो आणि पुढच्या हळुवार ओळीत तो वाद्यांखाली बुडतो. ही दरी कमी करण्यासाठी कंप्रेसर असतो. येणारा आवाज स्वतःच्या मोठेपणानुसार एक नियंत्रक दाब तयार करतो. तो व्हॉल्व्हच्या जाळीवर जातो आणि व्हॉल्व्हची वर्धनशक्ती तेवढ्यापुरती घटवतो. पकड कोणत्या पातळीपासून घ्यायची, किती चटकन घ्यायची आणि सोडायची किती वेळाने, एवढे चालकाने ठरवायचे. मीटरचा काटा किती डेसिबल मागे आला ते दाखवतो. चांगल्या चालकाच्या हातून तो जेमतेम हलावा आणि मध्ये यंत्र आहे हे श्रोत्याला कळूही नये, ही त्या काळची शिस्त. मोठ्या कंपन्यांच्या स्टुडिओत तंत्रज्ञ पांढरा कोट घालून ती पाळत. प्रयोगशाळेला शोभावे असे ते वातावरण होते.

मीकने काटा खूप मागे जाऊ दिला. पकड घट्ट आणि सुटका जलद ठेवली की मोठा ठोका बसताच सगळा आवाज दबतो आणि लगेच उसळून वर येतो. संगीत श्वास घेत आहे असा भास होतो. सहकाऱ्यांच्या लेखी हा दोष होता. त्याला तोच आवाज हवा होता. १९५६ मध्ये हम्फ्री लिटल्टन या जॅझ वादकाच्या ‘बॅड पेनी ब्ल्यूज’च्या मुद्रणात त्याने ड्रमवरचे ब्रश आणि पियानोवरचा डावा हात पुढे ओढला आणि कंप्रेसरने दाबून घट्ट केला. मुद्रण संपताच लिटल्टन सुट्टीवर निघून गेला होता. वेळेवर ऐकले असते तर आपण हरकत घेतली असती, हे त्याने पुढे मोकळेपणाने मान्य केले. रेकॉर्ड मात्र ब्रिटनच्या पहिल्या विसांत पोहोचली. त्याच वर्षी अ‍ॅन शेल्टनच्या एका गाण्यासाठी मीकने खड्यांनी भरलेली पेटी हलवून सैनिकांच्या पावलांचा आवाज काढला. ते गाणे पहिल्या क्रमांकावर गेले.

वरिष्ठांशी त्याचे पटणे शक्यच नव्हते. आयबीसीनंतर लॅन्सडाऊन स्टुडिओ, तेथून बाहेर पडल्यावर ट्रायम्फ ही छोटी रेकॉर्ड कंपनी. पण गाणे गाजू लागले की पुरेशा तबकड्याच छापून मिळत नसत, म्हणून तीही सुटली. अखेर एका भांडवलदाराच्या मदतीने त्याने हॉलोवे रोडवर बस्तान बसवले. वादक एका खोलीत, गायक पडद्याआड, प्रतिध्वनी हवा असला की न्हाणीघरात. नियंत्रण कक्षात तारांचे जंजाळ आणि एकमेकांवर रचलेली यंत्रे असत. त्यांतली काही त्याने स्वतः जोडलेली होती. १९६१ मध्ये जॉन लेटनचे ‘जॉनी रिमेंबर मी’ या घरातून थेट पहिल्या क्रमांकावर गेले. घरात रेकॉर्ड करून मोठ्या कंपन्यांना विकणारा स्वतंत्र निर्माता ही कल्पनाच तेव्हा ब्रिटनमध्ये नवीन होती.

१० जुलै १९६२ रोजी टेलस्टार हा दळणवळण उपग्रह अवकाशात गेला. अवकाशाच्या वेडाने आधीच पछाडलेल्या मीकच्या डोक्यात धून घुमू लागली. ती वादकांना सांगायची कशी? भलत्याच गाण्याच्या साथीवर तो स्वतःच बेसूर गायला आणि ती टेप टॉर्नेडोजच्या पोरांपुढे ठेवली. त्यांनी तिच्यातून धून शोधून वाजवली. वर जेफ गोडार्डने क्लॅव्हिओलिन वाजवले. हे व्हॉल्व्हवर चालणारे छोटे कळफलक वाद्य आपल्याकडे नावाने फारसे ठाऊक नसले तरी आवाजाने घरोघरी पोहोचलेले आहे: १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील बीन म्हणून जे वाजते ते कल्याणजींनी वाजवलेले क्लॅव्हिओलिनच होय. आपल्याकडे त्याने नागाला डोलवले, मीकने त्याला उपग्रहावर चढवले. थरावर थर देत, प्रत्येक थर कंप्रेसरमधून दाबत त्याने ‘टेलस्टार’ सिद्ध केली. ती ब्रिटनमध्ये पाच आठवडे अव्वल राहिली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या.

त्या खपाचा पैसा मात्र त्याच्या हाती आला नाही. फ्रान्सचे संगीतकार जाँ लेद्रू यांनी ही धून आपल्या चित्रपटसंगीतातून उचलल्याचा दावा लावला आणि मानधन अडकून पडले. दुसरे संकट याहून खोल होते. मीक समलिंगी होता आणि इंग्लंडमध्ये तो तेव्हा गुन्हा होता. १९६३ मध्ये त्याला अटक झाली, पंधरा पौंड दंड झाला आणि वर्तमानपत्रात नाव आले. त्यानंतर धमक्या देऊन पैसे उकळणारे त्याच्या मागे लागले.

१९६४ मध्ये हनीकोम्ब्जच्या ‘हॅव आय द राइट’साठी त्याने मंडळींना लाकडी जिन्यावर पाय आपटायला लावले आणि सायकलच्या क्लिपांनी कठड्याला मायक्रोफोन अडकवले. हेही गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या वाट्याचे ते शेवटचे मोठे यश. बँडचा काळ सुरू झाला होता, बँड आपली गाणी आपणच लिहीत होते, आणि गोडार्डसारखा सहकारी हक्कांच्या वादातून दुरावला होता. कर्ज वाढले, गोळ्या वाढल्या. भिंतीच्या कागदामागे मायक्रोफोन लपवून बड्या कंपन्या आपले आवाज चोरत आहेत, असे त्याला वाटू लागले. आयुष्यभर भिंतीपलीकडचे ऐकण्याचा ध्यास घेतलेल्या माणसाला नेमका हाच भ्रम व्हावा, हे वाचताना मन विषण्ण होते.

३ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याने घरमालकिणीची गोळी घालून हत्या केली आणि स्वतःचेही आयुष्य संपवले. तो ३७ वर्षांचा होता. केरसुणीच्या दांड्यापलीकडे त्या बाईंचा कोणताही अपराध नव्हता. मीकच्या प्रतिभेविषयी लिहिणाऱ्या पुष्कळांच्या लेखणीतून त्यांचा मृत्यू एका ओळीत निसटतो. त्याच्या लाडक्या बडी हॉलीचा विमान अपघातही आठ वर्षांपूर्वी याच तारखेला झाला होता. तीन आठवड्यांनी ‘टेलस्टार’च्या दाव्याचा निकाल मीकच्या बाजूने लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश संसदेने इंग्लंडमधील प्रौढांच्या खासगी समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले.

नव्वदच्या दशकात टेड फ्लेचर यांनी बनवलेल्या हिरव्या रंगाच्या कंप्रेसरला मीकचे नाव देण्यात आले. फ्लेचर तरुणपणी हॉलोवे रोडवर साथीला गात असत. त्या यंत्रांत व्हॉल्व्ह नव्हते, पण आवाज दडपून उसळवण्याची मीकची खोड उतरवलेली होती. आज मोबाइलवरच्या गाण्यांतही ती खोड सर्रास ऐकू येते आणि तिला कोणी दोष म्हणत नाही.

त्याच्या मागे चहाच्या खोक्यांत भरलेल्या अठराशेहून अधिक टेप राहिल्या. त्याच्याकडे वाजवलेल्या एका संगीतकाराने त्या सुमारे तीनशे पौंडांना घेतल्या आणि त्या अनेक दशके बंद राहिल्या. ‘टेलस्टार’ची ती पहिली बेसूर टेपही पुढे प्रकाशित झाली आहे. ती ऐकल्यावर वादकांना तिच्यात धून सापडली तरी कशी, याचे नवल वाटत राहते.