गोठ्यात गंजत पडलेली कडबाकुट्टी आणि ती महाराष्ट्राच्या दारात आणणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

परदेशातले व्हिडिओ तुमच्याही फीडवर येत असतील. कुणीतरी भंगारातून मांस कापायचं जुनं मशीन आणतो, त्याचा गंज काढतो, पातं चमकवतो, रंग देतो आणि शेवटी त्यावर कागदासारख्या पातळ चकत्या पाडून दाखवतो. दहा मिनिटांचा व्हिडिओ आपण न थांबता बघतो.

आपल्याकडे असं मशीन घराघरात कधी आलंच नाही. आपला खाटीक लाकडी ओंडक्यावर सत्तूर चालवतो आणि रश्श्याला तुकडेच लागतात, चकत्या नाही. पण फिरतं चाक, धारदार पातं आणि हाताने फिरवायचा दांडा असलेलं एक यंत्र आपल्या गावागावात आहे. ते म्हणजे कडबाकुट्टी.

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं शिनोली घ्या. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना लागणारं, घोड नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. वर डिंभे धरण, खाली मंचरची बाजारपेठ आणि सगळ्या पट्ट्यात दुधाचा जोडधंदा. अशा भागात कडबाकुट्टी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आता बहुतेक ठिकाणी मोटरवर चालणारी मशीन आली आणि हाताने फिरवायची जुनी कडबाकुट्टी गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. भंगारवाला आला की किलोवर जाते.

ती विकायच्या आधी ज्या माणसाने हे यंत्र इथल्या शेतकऱ्यासाठी बनवायला घेतलं, त्याची गोष्ट माहीत असायला हवी. तो माणूस म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

चित्रकार व्हायचं होतं, पण रंगच दिसेनात

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरात पुस्तकं आणि चर्चा. लक्ष्मणरावांचं मन मात्र शाळेच्या अभ्यासात रमलं नाही. त्यांना दोन गोष्टींचा नाद होता, चित्रं आणि यंत्रं.

चित्रकला शिकायला ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की त्यांना काही रंगांतला फरकच कळत नाही. ज्याला आपण रंगांधळेपणा म्हणतो, तो त्यांना होता. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं.

पण यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत, रेघ आणि माप लागतं. लक्ष्मणराव मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवायला लागले. शिकवता शिकवता यंत्र आतून कसं चालतं हे ते स्वतःही शिकत गेले.

तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. इंग्रजांच्या नोकरीत हे नवीन नव्हतं. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

सायकलच्या दुकानातून सुरुवात

बेळगावात त्यांचे भाऊ रामूअण्णा होते. दोघा भावांचा सायकलींचा धंदा होता. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, ती याच सायकलींच्या धंद्यापासून.

तेव्हा सायकल ही श्रीमंतांची चैन होती. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये. ती चालवायला शिकवण्याचे रामूअण्णा वेगळे १५ रुपये घ्यायचे. सायकली परदेशातून यायच्या, मोडायच्या मात्र बेळगावात. त्यामुळे दुकानात विक्रीइतकंच दुरुस्तीचं काम असायचं.

दुरुस्तीच्या कामात एक गोष्ट पक्की शिकायला मिळते, ती म्हणजे यंत्र नेमकं कुठे मोडतं. विकणाऱ्याला हे कळत नाही. खोलणाऱ्याला कळतं.

शेतकऱ्याच्या कामाचं पहिलं यंत्र

सायकल घेणारे मोजके होते, गुरं पाळणारे घरोघरी होते. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यासाठी काय बनवता येईल ते शोधलं आणि पहिली हाती लागली ती कडबाकुट्टी.

तिचं गणित साधं आहे. ज्वारीचा अख्खा कडबा गुरांपुढे टाकला की गुरं पानं आणि कोवळा भाग खातात, जाड ताटं तुडवून टाकतात. तोच कडबा बारीक करून गव्हाणीत टाकला की ताटंही खाल्ली जातात. म्हणजे त्याच वैरणीवर गुरं जास्त दिवस निघतात. दुष्काळी भागात हा फरक जनावर विकायचं की ठेवायचं हे ठरवू शकतो.

आधी हे काम कोयत्याने व्हायचं. पेंढी ठोकळ्यावर धरायची आणि तोडत बसायचं. कडबाकुट्टीत एका जड चाकाला दोन पाती असतात. दांडा फिरवला की चाक फिरतं, दातेरी रोलर कडबा पुढे ओढतात आणि प्रत्येक फेरीत दोन काप पडतात. चाक जड ठेवण्यामागे कारण आहे. एकदा फिरायला लागलं की त्याचा वेगच पातं ताटातून पार नेतो, माणसाला दर वेळी जोर लावावा लागत नाही.

इथे एक मजेशीर योगायोग आहे. व्हिडिओंत दिसणारं मांस कापायचं मशीन बनवणारे विल्हेल्म व्हॅन बर्केल हेही १८६९ सालीच जन्मले. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा हा खाटीक. हाताने पातळ चकत्या पाडण्याचा त्याला कंटाळा आला आणि १८९८ मध्ये त्याने फिरत्या पात्याचं मशीन आणलं. एकाच वयाची दोन माणसं, एक खाटकाच्या दुकानातली आणि एक सायकलच्या दुकानातली. दोघांनीही हाताने चालणारा सुरा चाकावर बसवला.

नांगर तयार, पण घेणार कोण?

कडबाकुट्टीनंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर करायला घेतला. १९०३ मध्ये पहिला नांगर तयार झाला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो, लोखंडी नांगर खोल जाऊन माती पलटतो.

पण तो घ्यायला कुणी तयार होईना. लोखंडाने जमिनीत विष पसरतं, पीक जळतं, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी धंदा बंद केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग दुसरं संकट आलं. बेळगावात कारखान्याची जागा नगरपालिकेच्या नव्या वसाहतीत जात होती आणि ती सोडणं भाग होतं. बसलेला कारखाना उचलून न्यायचा कुठे?

३२ एकर माळ, निवडुंग आणि नाग

त्या काळात औंध संस्थानात एका देवळाच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांकडे होतं. औंधचे राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांना ओळखत होते. कारखान्याची अडचण कळल्यावर राजांनी त्यांना संस्थानात जागा आणि कर्ज दिलं.

जागा कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची. ३२ एकर उजाड माळ, त्यावर निवडुंग आणि नागांचा सुळसुळाट. मार्च १९१० मध्ये तिथे कारखाना आणि गाव दोन्ही उभारायला सुरुवात झाली. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

सोबत माणसं कोण? हिशेब बघणारे मंगेशराव रेगे, यंत्रांत रमणारे शंभोराव जांभेकर, शिक्षण अर्धवट राहिलेले अनंतराव फळणीकर. रात्रीच्या राखणीला तुरुंगवास भोगून आलेली माणसं. जगाने बाजूला टाकलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी विश्वास टाकला आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम केला. त्या काळात हे बोलणंही सोपं नव्हतं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी लोखंड, कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या पडून राहिलेल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. त्या लोखंडातून नांगर झाले. पुढे कारखान्यातून चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप बाहेर पडत गेले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली आणि त्याच वर्षी किर्लोस्कर खबर हे मासिक निघालं, जे पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून घराघरात पोहोचलं.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. जळालेला कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, पोस्ट खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

मग गोठ्यातल्या त्या यंत्राचं काय?

तुमच्या घरची कडबाकुट्टी कोणत्या कंपनीची आहे हा भाग वेगळा. पण तिची रचना त्याच विचाराची आहे. सगळं नटबोल्टवर. पाती निघतात, रोलर निघतात, बुश बदलता येतो. म्हणून बऱ्याचदा ती मोडलेली नसते, नुसती अडकलेली असते. एक-दोन गुरं असतील, वीज जात-येत असेल, तर ती आजही कामाची आहे.

पहिलं काम, आधी नीट बघा. चाकाच्या आऱ्याला किंवा पायाला तडा आहे का? चाक बिडाचं असतं. बीड हातोड्याने फुटतं आणि साध्या वेल्डिंगने नीट धरत नाही. चाकालाच तडा असेल तर मोह सोडा, ती फिरवणं धोक्याचं आहे.

चाक धड असेल तर ते दोरीने किंवा लाकूड अडकवून घट्ट बांधा. हे न करता पात्याजवळ हात नेऊ नका. चाक थोडं जरी फिरलं तरी बोट जातं. गंजलेल्या नटांवर रॉकेल किंवा डिझेल सोडून रात्रभर ठेवा, मग पान्याने हळूहळू सोडवा.

गंज तारेच्या ब्रशने काढा. पात्याला धार लावताना ज्या बाजूला मूळ उतार आहे तीच बाजू घासा, सपाट बाजूला हात लावू नका. ग्राइंडर वापरत असाल तर पातं सतत पाण्यात बुडवून गार करा. तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. दोन्ही पाती सारखीच घासा, नाहीतर काप कमी-जास्त पडतात आणि चाक डुगडुगतं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पातं आणि तोंडाची पट्टी यांच्यातली फट. चाक हळू फिरवून बघा. पातं पट्टीला लागलं नाही पाहिजे आणि मध्ये धरलेला कागदाचा कपटा सरळ कापला गेला पाहिजे. तो कपटाही लांब काडीला अडकवून धरा. कागद दुमडला तर फट जास्त आहे, मग कडबा कापला न जाता चेंगरतो आणि दांडा जड लागतो. बऱ्याच घरी यंत्र जड चालतं म्हणून टाकून दिलेलं असतं आणि दोष असतो एवढ्याशा फटीचा.

बुशमध्ये तेल सोडा, गिअरवर पत्र्याचं झाकण बसवा. वैरण आत ढकलायला हात नको, लाकूड वापरा. काम संपलं की चाक बांधून ठेवा, कारण गोठ्यात लहान मुलं फिरत असतात. आणि व्हिडिओ बघून यावर मांस कापायचा विचार करू नका. अन्नाच्या मशीनला न गंजणारं पातं आणि पोटात गेलं तरी चालेल असं तेल लागतं. कडबाकुट्टीत यातलं काहीच नसतं.

लक्ष्मणरावांच्या आयुष्यात रंग दिसेनासे झाले, बढती गेली, जागा गेली, कारखाना जळला. दर वेळी त्यांनी हाताशी उरलेलं काय आहे ते बघितलं आणि तिथून काम सुरू केलं. चित्रकलेतून त्यांच्याकडे रेघ उरली होती, तोफांमधून लोखंड. तुमच्या गोठ्यातल्या कडबाकुट्टीत चाक धड असेल, तर तिच्यातही बरंच काही उरलंय.