साबणाच्या वडीवर उभे राहिलेले गाव

उद्योगांची सामाजिक बांधीलकी हा शब्दप्रयोग रूढ होण्याच्या कितीतरी आधी एका साबण कारखानदाराने ती आपल्या धंद्याच्या हिशेबात मांडली होती. विल्यम हेस्केथ लिव्हर यांचा जन्म १९ सप्टेंबर १८५१ रोजी इंग्लंडमधील बोल्टन येथे किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. वडिलांच्या दुकानात साबण कापून बांधून देणे, ही त्यांची पहिली उमेदवारी. त्या काळी साबणाच्या लांब लाद्या येत आणि दुकानदार त्यातून तुकडा कापून देई. लिव्हर यांनी वेष्टनात गुंडाळलेली, नाव असलेली वडी विकायचे ठरवले. १८८५ मध्ये भाऊ जेम्स यांच्यासह वॉरिंग्टन येथे त्यांनी 'सनलाइट'चे उत्पादन सुरू केले.

मागणी वाढताच १८८८ मध्ये मर्सी नदीकाठी नवा कारखाना आणि त्यालगत कामगारांसाठी पोर्ट सनलाइट हे गाव आकाराला येऊ लागले. बागा, शाळा, रुग्णालय, नाट्यगृह आणि पुढे १९२२ मध्ये दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ कलादालनही तेथे उभे राहिले. नफ्याचा वाटा कामगारांच्या हाती रोख देण्याऐवजी तो घरे आणि सोयींवर खर्च करावा, अशी लिव्हर यांची धारणा होती. यात परोपकार होता, तसा व्यवहारही होता. निरोगी आणि स्थिर कामगारवर्ग कारखान्याला हवाच होता. शिवाय स्वच्छता विकणाऱ्या कंपनीला हे नीटनेटके गाव पाहुण्यांना अभिमानाने दाखवता येई. मात्र घर नोकरीशी बांधलेले होते. नोकरी गेली की घरही जाई. कामगार संघटनांना ही मालकाची माया जाचक वाटली, यात नवल नाही.

१९०६ मध्ये साबण कारखानदारांचा संघ उभारण्याचा त्यांचा प्रयत्न वृत्तपत्रांनी हाणून पाडला. लिव्हर यांनी बदनामीचा दावा लावला आणि १९०७ मध्ये ५० हजार पौंडांची भरपाई मिळवली. त्यातूनच लिव्हरपूल विद्यापीठात नगररचनेच्या अभ्यासाला देणगी मिळाली.

'सनलाइट' भारतात १८८८ मध्येच कोलकात्याच्या बंदरात उतरला होता. लिव्हर यांचे ७ मे १९२५ रोजी निधन झाले. १९३० मध्ये युनिलिव्हर अस्तित्वात आली आणि १९३४ मध्ये मुंबईत शिवडीला साबणनिर्मिती सुरू झाली.

त्यांच्या चरित्रातील सर्वांत अस्वस्थ करणारे पान आफ्रिकेतील आहे. तेलाचा पुरवठा हाती असावा म्हणून त्यांनी १९११ मध्ये बेल्जियम सरकारशी करार करून काँगोत पामच्या जंगलांवर हक्क मिळवले. करारात शाळा आणि रुग्णालयांचीही अट होती. प्रत्यक्षात तेथील मजूरभरतीत सक्ती होत राहिली. बेल्जियन इतिहासकार ज्यूल्स मार्शल यांनी २००१ मध्ये तिचा तपशीलवार पुरावा मांडला. मर्सीकाठच्या कामगाराचे घरकुल आणि काँगोतील फळे तोडणाऱ्याचे हाल एकाच वडीच्या दोन बाजू होत्या. पोर्ट सनलाइटमधील घरे १९८० च्या दशकापासून बाहेरच्यांनाही विकली जाऊ लागली. काँगोतील लिव्हरव्हिल आता लुसांगा या नावाने ओळखले जाते.