फारियांचा पुतळा, फारियांचा विचार

पणजीत मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयाशेजारी, एका स्त्रीवर दोन्ही हात पसरून उभ्या असलेल्या पाद्रीचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही कृती १९४५ साली उभारली गेली. वाटसरूस हा पुरुष मांत्रिक वाटतो. ज्याने मांत्रिकाच्या सामर्थ्याचा भ्रमच दूर केला, त्याच्याच वाट्याला हा गैरसमज यावा, हा दैवदुर्विलास होय.

जुझे कुस्तोदियु द फारिया ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळी येथे जन्मले. आईवडील विभक्त झाले. आई जोगीण झाली, वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. १७७१ साली पितापुत्रांनी लिस्बनचा मार्ग धरला आणि १७८० साली रोम येथे पुत्रही पाद्री झाला. आख्यायिका अशी की, पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनास उभे राहताच त्यांची वाचा बसली. तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत धीराचे चार शब्द सांगितले आणि वाणी मोकळी झाली. बांधलेले मन शब्दाने सुटते, याचा हा जणू पहिला धडाच.

१७८७ सालच्या पिंटोंच्या बंडाशी या पितापुत्रांचे नाव जोडले गेले. पुढल्याच वर्षी फारिया पॅरिसला गेले. मेस्मर नावाच्या वैद्याने तेथे एक मत रूढ केले होते. उपचारकाच्या देहातून एक अदृश्य चुंबकीय द्रव रोग्यात उतरतो व त्यास बरे करतो, असे ते मत. फ्रँकलिन आणि लाव्हाझिए ज्यात होते त्या राजनियुक्त समितीने १७८४ सालीच असा द्रव नाही, हा सारा कल्पनेचा परिणाम, असा निर्णय दिला होता. परंतु कल्पनेत एवढे बळ येते कोठून, हा प्रश्न उरलाच.

तो फारियांनी हाती घेतला. १८१३ पासून पाच फ्रँक शुल्क आकारून त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग मांडले. माणसाला खुर्चीत बसवावे, डोळे मिटून चित्त एकाग्र करण्यास सांगावे आणि झोपण्याची आज्ञा करावी, एवढीच त्यांची रीत. काही झोपत, काही झोपत नसत. त्यावरून त्यांनी ठरविले की निद्रेचे कारण आज्ञा देणाऱ्यात नसून ती घेणाऱ्याच्या मनात आहे. रक्ताच्या पातळपणाशी त्यांनी जोडलेला संबंध पुढे टिकला नाही. मूळ सिद्धांत मात्र टिकला.

हयातीत त्यांना उपहासच मिळाला. १८१६ साली रंगभूमीवर त्यांची टर उडविण्यात आली आणि श्रोते पांगले. २० सप्टेंबर १८१९ रोजी ते निवर्तले. थडग्यावर नावही नव्हते. द्युमाने आपल्या कादंबरीतील कैद्याला त्यांचे नाव दिले आणि खरा फारिया त्यामागे झाकला गेला. पुढे फ्रान्समधील नान्सीच्या बर्नहाइम यांनी सूचनेच्या सिद्धांताचे श्रेय त्यांना दिले. नंतर नोबेल पारितोषिक मिळविणारे पोर्तुगीज मज्जाशास्त्रज्ञ एगास मोनिझ यांनी १९२५ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला.

आणि त्यांच्या गोमंतकात? आजही घरातील कोणाचे मन बिघडले, तर अनेक कुटुंबे ते प्रथम शेजाऱ्यांपासून लपवितात, मग घाडीचे दार ठोठावतात. बांबोळीच्या मनोरुग्णालयाची आठवण सर्वांत शेवटी होते. देवापुढे नारळ ठेवण्यास आमचा आक्षेप नाही. श्रद्धेने मनास उभारी येते, हे फारियांच्या विचाराशी सुसंगतच आहे. परंतु रोग्याच्या स्वतःच्या मनातील बळ आपल्या मंत्राचे म्हणून विकणारा त्यास लुबाडतो, आणि उपचाराची मोलाची वर्षेही हिरावून घेतो. मनाचे बळ मोठे म्हणून मेंदूचा विकार खोटा ठरत नाही. त्यास ज्वराप्रमाणेच वैद्य लागतो, औषध लागते आणि घरच्यांचा धीराचा शब्दही लागतो. तो शब्द लाजेपोटी गिळू नये, एवढे जरी आपण साधले, तरी कांदोळीच्या या सुपुत्राचे ऋण थोडे फिटेल.