आकाशाशी ताळा पाहणारे केरूनाना छत्रे

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, यांचा जन्म 16 मे 1825 रोजी अलिबागजवळील नागाव येथे झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले आणि चुलते सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी त्यांना मुंबईस आणून शिकविले. एल्फिन्स्टन संस्थेत आचार्य बाळशास्त्री जांभेकर आणि प्राध्यापक ऑर्लिबार यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. पुढे तरुण वयातच त्यांना कुलाबा वेधशाळेत काम मिळाले. ग्रंथातील गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसतो की नाही हे पाहण्याची सवय त्यांना तेथे जडली, ती जन्मभर सुटली नाही.

त्या काळी महाराष्ट्रातील पंचांगे बहुधा गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत. सन 1520 च्या या ग्रंथामागेही वेधांचीच परंपरा होती. गणेशांचे वडील केशव हे स्वतः ग्रहांचे वेध घेत असत. परंतु सव्वातीनशे वर्षांत लहान लहान चुका साचत गेल्या आणि पंचांगात लिहिलेल्या स्थानी ग्रह दिसेनासे झाले.

दरम्यान कोपर्निकस, केप्लर आणि गॅलिलिओ यांनी ग्रहगणिताचे केंद्र पृथ्वीवरून सूर्याकडे नेले होते. त्याची प्रमाणे आकाशातच होती. मंगळ सुमारे 26 महिन्यांतून एकदा ताऱ्यांमध्ये उलट चालू लागतो. नांदेड-लातूर रस्त्यावर धावत्या एसटीतून पाहिले असता मागे पडणारी बैलगाडी दूरच्या झाडांपुढून उलट सरकताना दिसते, तसाच हा प्रकार आहे. वेगवान पृथ्वी मंगळाला मागे टाकते. शुक्र सूर्यापासून सुमारे 47 अंशांपलीकडे कधीच जात नाही. दुर्बिणीतून तो कधी लहान व जवळजवळ पूर्ण, तर कधी मोठा व कोरीसारखा दिसतो. तो सूर्याभोवती फिरत असल्याखेरीज हे घडणार नाही. पृथ्वी फिरते, तर जवळचे तारे वर्षभरात किंचित सरकलेले दिसावयास हवेत, हा जुना आक्षेप होता. केरूनाना तेरा वर्षांचे असताना, 1838 मध्ये, बेसेल यांनी हे सूक्ष्म सरकणे मोजून दाखविले.

हे ज्ञान मराठीत आणण्यासाठी केरूनानांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो 1860 मध्ये प्रसिद्ध झाला. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने 1865 पासून नवे पंचांगही निघू लागले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले.

लोकांनी मात्र त्याचे फारसे स्वागत केले नाही. राशिचक्राचा आरंभ त्यांनी रेवती नक्षत्रातील एका निश्चित ताऱ्यापासून धरला. त्यामुळे संक्रांतच सुमारे चार दिवस अलीकडे येऊ लागली. ग्रहगणिताची अचूकता आणि सणाचा रूढ दिवस यांत समाजाने बहुतांशी रूढ दिवसाची बाजू घेतली. फार थोड्या घरांनी हे पंचांग स्वीकारले. तरीही केरूनाना मागे हटले नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी गणित शिकविले; बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी. पंचांगसुधारणेचे काम टिळकांनी पुढे चालविले. केरूनाना 19 मार्च 1884 रोजी निवर्तले.

आज त्यांची कोष्टकेही कालबाह्य झाली आहेत, आणि यात त्यांचा पराभव नाही. गणित कितीही पूज्य असो, ते आकाशाशी जुळले पाहिजे, याला आपले ज्योतिर्विद दृक्प्रत्यय म्हणत. हीच केरूनानांची शिकवण होय. शुक्र सायंकाळी पश्चिमेस दिसू लागला की आपल्या मुलामुलींना घेऊन शाळेच्या मैदानावर यावे आणि काही आठवडे त्याची जागा वहीत टिपून ठेवावी. पुस्तकातील सूर्यमाला खरी की खोटी, हे मग त्यांना दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही.