कर्मवीर भाऊराव पाटील : वसतिगृहातून घडलेले एक जीवन

विसाव्या शतकाच्या प्रारंभी खेड्यातील मुलाला शिकावयाचे म्हटले, तर शाळेच्या प्रश्नापेक्षाही बिकट प्रश्न असे तो राहण्या-जेवण्याचा. प्राथमिक मराठी इयत्ता गावात किंवा जवळच्या मोठ्या गावात होत असत. इंग्रजी शाळा मात्र जिल्ह्याच्या अथवा संस्थानच्या मुख्य ठिकाणीच असे. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई, आणि त्या परीक्षेपर्यंत पोहोचावयाचे तर कित्येक वर्षे परगावी काढावी लागत. शहरात नातेवाईक नसलेल्या मुलाने राहावे कोठे आणि जेवावे कोठे? ब्राह्मण समाजातील गरीब मुलांना वारावर जेवण्याचा किंवा माधुकरीचा आधार होता. शेतकरी, जैन, लिंगायत, मुसलमान कुटुंबांतील मुलांना तोही नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला तर पैसे देऊनही खोली मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे बुद्धी आणि इच्छा असूनही असंख्य मुलांचे शिक्षण गावच्या वेशीपाशीच थांबत असे.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी ही अडचण ओळखली. त्यांच्या प्रेरणेने व आश्रयाने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. दिगंबर जैन बोर्डिंग हे त्यांपैकी अगदी आरंभीचे एक होय. या बोर्डिंगने अनेक जैन मुलांना शहरात पहिला निवारा दिला. त्याच बोर्डिंगमध्ये राहिलेल्या आणि पुढे त्याच बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागलेल्या एका विद्यार्थ्याने महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास बदलला. तो विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

बालपण व विद्यार्थीदशा

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. बाहुबलीच्या तीर्थक्षेत्रामुळे हे गाव जैन समाजाला सुपरिचित आहे. पाटील घराणे दिगंबर जैन. मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात कारकून होते, आई गंगाबाई. वडिलांच्या नोकरीमुळे घराचा मुक्काम बदलत असे आणि शाळाही बदलत असे. भाऊराव अंगाने धिप्पाड, कुस्ती व पोहण्याची आवड असलेले आणि स्वभावाने हूड होते. अन्याय दिसला की त्यांना राहवत नसे. तहानलेल्या अस्पृश्यांना विहिरीवर पाणी नाकारले जाते हे पाहून त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकिकत त्यांच्या बालपणाविषयी सांगितली जाते.

इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अभ्यासात त्यांची विशेष चमक नव्हती. गणिताशी तर त्यांचे कधीच जमले नाही. त्यांना वरच्या वर्गात घालावे म्हणून स्वतः शाहू महाराजांनी शब्द टाकला असतानाही शिक्षकांनी ठाम नकार दिला आणि महाराजांनीही त्या नकाराचा मान राखला, असा प्रसंग प्रसिद्ध आहे. इंग्रजी सहाव्या इयत्तेच्या आसपास त्यांचे शालेय शिक्षण थांबले. ज्यांनी पुढे हजारो मुलांना मॅट्रिकच्या परीक्षेला बसविले, ते स्वतः मॅट्रिकपर्यंत पोहोचले नव्हते.

मात्र शाळेतील पुस्तकांनी दिले नाही ते त्यांना वसतिगृहातील एका घटनेने दिले. १९०८ मध्ये महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले. त्याच्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, असा बोर्डिंगचा आग्रह होता. भाऊरावांनी तो मानला नाही. माणसाजवळ बसल्याने माणूस विटाळत नाही, ही त्यांची धारणा पक्की होती. शिस्तभंगाबद्दल त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाचे विद्वान व कर्तबगार नेते. पुढे १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. बोर्डिंगने लावलेला नियम त्या काळातील सर्वच समाजांचा नियम होता, हे विसरून चालणार नाही. निराधार झालेल्या भाऊरावांना शाहू महाराजांनी आपल्या राजवाड्यात आसरा दिला. समतेचा विचार केवळ बोलण्याचा नसून जगण्याचा आहे, याचा धडा त्यांना त्या सहवासात मिळाला.

सत्याची कसोटी

शिक्षण सुटल्यावर भाऊरावांनी साताऱ्यास मुलांच्या शिकवण्या घेतल्या. १९१० च्या सुमारास सहकाऱ्यांच्या साहाय्याने दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढण्यात आला. पुढील मोठ्या कार्याचे ते बीज होते.

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्यावर डांबर ओतल्याचे प्रकरण घडले. संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्या गृहस्थांच्या कारकिर्दीत त्यांना वसतिगृह सोडावे लागले होते, त्यांचा सूड घेण्याची ही आयतीच संधी होती. परंतु साक्ष खोटी होती. भाऊरावांनी ती देण्यास नकार दिला. त्याबद्दल त्यांना कोठडीत डांबण्यात आले, त्यांचा अनन्वित छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी प्राणत्यागाचाही प्रयत्न केला, तथापि असत्य बोलण्यास ते तयार झाले नाहीत. सत्य आणि क्षमा ही दोन्ही तत्त्वे प्रवचनातून ऐकणे सोपे असते. तुरुंगाच्या अंधारात, ज्याने दुखविले त्याच्याचसाठी ती पाळणे किती कठीण, हे या प्रसंगावरून उमगते.

सुटकेनंतर त्यांनी किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून काम केले, ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी व पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्यासाठीही काम केले. नांगर विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव फिरले. शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि अज्ञान एकमेकांना कसे पोसतात, हे त्यांनी जवळून पाहिले. उत्तम चालणारा व्यवसाय हाती असतानाही त्यांचे मन खेड्यातील मुलांभोवती घोटाळत राहिले.

रयत शिक्षण संस्था

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलविण्यात आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. शाहू महाराजांची वसतिगृहे बहुतांशी एकेका समाजाची होती. शिष्याने गुरूच्या पुढे एक पाऊल टाकले आणि सर्व समाज एका छताखाली आणले.

साताऱ्याच्या धनिणीच्या बागेतील या वसतिगृहाचे जीवन आजच्या विद्यार्थ्याला कथेसारखे वाटेल. नोकर-चाकर असा प्रकार नव्हता. धान्य दळणे, पाणी भरणे, स्वयंपाक करणे, भांडी घासणे, झाडलोट करणे ही सर्व कामे मुले पाळीपाळीने करीत. स्वयंपाक कोणत्या जातीच्या मुलाने केला, असे विचारण्याची सोय नव्हती. पंगत एकच असे. वसतिगृहाचा कारभारही मुलेच पाहत. मुले शेतात राबत, खडी फोडत, इमारतीसाठी दगड-माती वाहत. ज्यांच्या घरची स्थिती बरी होती ते धान्य किंवा पैसे देत. ज्यांच्याकडे काहीच नव्हते ते श्रम देत. मात्र गरिबीमुळे कोणाला परत पाठविले जाऊ नये, यावर कटाक्ष होता. दिवसा शाळा, सकाळ-संध्याकाळ काम आणि रात्री कंदिलाच्या उजेडात अभ्यास, असा हा दिनक्रम होता. पुढे कमवा व शिका या नावाने प्रसिद्ध झालेली योजना याच जीवनातून साकारली. फुकट मिळालेले अन्न मुलाला मिंधे करते, कष्टाचे अन्न ताठ मानेने उभे करते, हा तिच्यामागील विचार होता. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह ठरले.

मुले भाऊरावांना अण्णा म्हणत. अण्णांचा धाक मोठा, पण आजारी मुलाच्या उशाशी बसणारेही तेच असत. गावोगाव हिंडून ते हुशार, होतकरू मुले शोधून आणीत. धान्य, वैरण, लाकूड, जे मिळेल ते संस्थेसाठी स्वीकारीत. खेड्यातील बायाबापड्यांनी जात्यावर बसण्यापूर्वी काढून ठेवलेले मूठमूठ धान्यही या कार्यास लागले. मोठ्या देणगीदारांइतकाच या मुठीचा मान होता.

लक्ष्मीबाईंचा त्याग

या सर्व कार्यात सौ. लक्ष्मीबाई यांचा वाटा असामान्य आहे. माहेर संपन्न, संस्कार सनातनी. सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या स्त्रीला घरात नाना जातींची मुले येऊन राहणे आरंभी जड गेले असल्यास नवल नाही. परंतु मुलांच्या भुकेपुढे त्यांच्या मनातील भेद विरघळून गेले आणि त्या साऱ्यांच्या आई झाल्या. वसतिगृह चालविण्यासाठी त्यांचे दागिने एकामागून एक विकले गेले. एकदा भाऊराव परगावी असताना कोठारात धान्य उरले नाही. मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले. सौभाग्याचे लेणे उतरविणे त्या काळी स्त्रीला मरणाहून अवघड वाटे. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या आज दिसणाऱ्या भव्य इमारतींच्या पायात ते सोने आहे.

वटवृक्षाचा विस्तार

पत्नीच्या वियोगानंतर भाऊरावांनी स्वतःला संस्थेस पूर्णपणे वाहून घेतले. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. खेड्यांत शाळा काढावयाच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू झाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल स्थापन झाले. श्रमाच्या मोबदल्यात मॅट्रिकपर्यंतचे मोफत शिक्षण देणारी ही निवासी शाळा त्या काळी अपूर्वच होती. आता वसतिगृहातील मोठ्या मुलांना आपलीच शाळा लाभली. जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडले. मोठ्या देणगीच्या मोबदल्यात या महाविद्यालयाचे नाव बदलावे, अशी सूचना आली असता भाऊरावांनी ती साफ नाकारली, असे सांगतात. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय सुरू झाले.

गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. हा काळ फार कठीण गेला. परंतु शिक्षकांनी व जनतेने संस्था तगवून धरली, गाडगे महाराजांसारखे संत पाठीशी उभे राहिले आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. भाऊरावांच्या हयातीत ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी प्राथमिक शाळा, १०८ माध्यमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये व ३ महाविद्यालये एवढा विस्तार झाला. या वसतिगृहांतील विद्यार्थी शिकून मोठे झाले आणि अनेकांनी चांगल्या नोकऱ्यांचा मोह सोडून संस्थेतच आजीव सेवक म्हणून आयुष्य वेचले. विद्यार्थी म्हणून आलेले बॅ. पी. जी. पाटील विलायतेस जाऊन परतले, संस्थेत प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. पदवी दिली, इंग्रजी सहावीत अडलेल्या विद्यार्थ्याचा हा सन्मान होता. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

पनवेलकरांना या वटवृक्षाची छाया परकी नाही. रयत शिक्षण संस्थेने १९७० मध्ये पनवेल येथे महात्मा फुले महाविद्यालय सुरू केले. त्यापूर्वी पदवीसाठी मुंबई-पुण्याची वाट धरणे ज्यांना परवडत नव्हते, अशा परिसरातील कुटुंबांच्या मुलामुलींना दाराशीच उच्च शिक्षण मिळाले. २०२१ मध्ये साताऱ्यात भाऊरावांच्या नावाचे विद्यापीठही स्थापन झाले.

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. उपाशी मुलाला जेवू घालणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, त्याला शिकविणे आणि तो कोणत्या घरी जन्मला हे न विचारता त्याला निर्भय करणे, ही चारही दाने भाऊरावांच्या वसतिगृहात रोज घडत होती. समाजाच्या वसतिगृहाने त्यांना शहरात पाय ठेवण्यास जागा दिली, याचे श्रेय समाजाला आहे. आणि त्या वसतिगृहाचा उंबरठा अपुरा पडला तेव्हा त्यांनी तो अधिक रुंद केला, याचा अभिमानही समाजाने बाळगावा असाच आहे. कोणत्याही संस्थेची पन्नास वर्षे मोजताना बांधलेल्या वास्तू व जमलेला निधी यांची नोंद होते. भाऊरावांची मोजणी निराळी होती. कोणाला दारातून परत जावे लागले नाही आणि किती मुले स्वतःच्या पायावर उभी राहून गेली, एवढाच हिशेब त्यांनी आयुष्यभर ठेवला.