श्रीसंत सावता माळी : मळा हीच पंढरी

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ, अरण हे गाव आहे. या गावी इ.स. १२५० मध्ये श्रीसंत सावता महाराजांचा जन्म झाला. आजोबा दैवू माळी हे पंढरीचे नेमाचे वारकरी. वडील परसोबा, आई नांगिताबाई. घरची गरिबी होती, पण भजन व नामस्मरण पिढीजात चालत आलेले.

अशा घरातला कर्ता मुलगा पंढरीच्या वारीला जात नसे, ही गोष्ट ऐकणाऱ्यास आजही चमत्कारिक वाटते. अरणाहून पंढरपूर काही लांब नाही. सकाळी पायी निघाले तर दुसऱ्या दिवशी चंद्रभागेवर पोचता येते. मग महाराज का गेले नाहीत? ज्याच्या हाती मळा आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आषाढात शेताची कामे ऐन रंगात असतात. भाजीपाल्याचे वाफे तर धन्याची वाट पाहत थांबत नाहीत. पाण्याची एक पाळी चुकली की माना टाकतात, आणि त्या वाफ्यावर घरची चूल अवलंबून असते. महाराजांनी हे काम देवापासून दूर नेणारे मानले नाही. विहीर, मोट, नाडा, मळ्यातला कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर, यांतच त्यांना विठोबा दिसला. योग, याग, तप यांची यातायात न करता कामात राहून नाम घ्यावे, हीच त्यांची शिकवण.

भेंड गावच्या भानवसे घराण्यातील जनाबाई ही त्यांची पत्नी. विठ्ठल व नागाताई ही दोन अपत्ये. संसार सुरळीत चालला होता, पण कुरबुरी कोणत्या घरात नाहीत? एकदा सासुरवाडीची माणसे घरी आली असता महाराज भजनात दंग राहिले, त्यांची विचारपूस करणे राहून गेले. जनाबाई रागावल्या. महाराजांनी रागाला राग न लावता गोड शब्दांत समजूत घातली, असे सांगतात. खरे पाहता जनाबाईंचा राग अगदीच गैरवाजवी होता असे म्हणवत नाही. दारी आलेल्या माहेरच्या माणसांचा मान राखला जावा, असे कोणत्याही लेकीला वाटणारच. अशा बाईने साथ दिली म्हणूनच मळा, घर आणि भजन ही तिन्ही एकत्र चालली.

भाविकांमध्ये एक कथा फार प्रेमाने सांगितली जाते. पांडुरंग एकदा नामदेवांना हुलकावणी देऊन अरणच्या मळ्यात आले व मला लपव म्हणाले. महाराजांनी हातातल्या खुरप्याने आपली छाती चिरून देवाला आत ठेवले. नामदेव शोधत आले, तेव्हा देव सापडला तो या माळ्याच्या हृदयात. गवत काढायचे खुरपे हेच येथे भक्तीचे साधन झाले, ही या कथेतली गोडी आहे.

महाराज अभंग म्हणत, आणि ते काशिबा गुरव लिहून घेत. आज अवघे ३७ अभंग उपलब्ध आहेत. महाराष्ट्राने काशिबांचे हे ऋण विसरू नये. त्यांनी लेखणी हाती धरली नसती तर मळ्यातले ते बोल मोटेच्या पाण्याबरोबर मातीत जिरून गेले असते.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे इ.स. १२९५ मध्ये महाराजांनी देह ठेवला. वय अवघे ४५. श्रीज्ञानेश्वर माउलींची समाधी त्यानंतर एका वर्षाने, १२९६ मध्ये झाली. अरण येथे महाराजांचे समाधिमंदिर आहे. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरपुराकडे जातात. परंतु सावता महाराजांच्या पुण्यतिथीस पांडुरंगाची पालखीच पंढरपुराहून अरणला येते. जो देवाकडे गेला नाही, त्याच्या भेटीला देव दरसाल त्याच्या गावी येतो, आणि आसपासच्या गावांतील शेतकरी दर्शनाला गर्दी करतात.