हात कशासाठी बरा करायचा?

भारतात ऑक्युपेशनल थेरपी रुजवणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकन. न्यू जर्सीतील माउंट हॉली गावी १९०० साली एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. १९३० मध्ये त्या भारतात आल्या आणि विष्णू निंबकर यांच्या पत्नी म्हणून इथल्याच झाल्या. फलटणचे कृषिशास्त्रज्ञ बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव.

चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा सुरू केली. आशियातली ती पहिलीच.

या शास्त्राला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. नाव जरा फसवे आहे, कारण इथे व्यवसाय म्हणजे केवळ नोकरीधंदा नव्हे. आंघोळ, सदऱ्याची बटणे, भाकरी थापणे, विहिरीवरून पाणी आणणे हे सगळे त्यात येते. फिजिओथेरपिस्ट प्रामुख्याने सांधा किती वाकतो, स्नायूत किती जोर आहे हे पाहतो. व्यवसायोपचारात पुढचा प्रश्न येतो: त्या हाताने रुग्णाला काय करायचे आहे? उत्तर डॉक्टरकडे नसते, रुग्णाकडेच असते. एकाला आधी स्वतःच्या हाताने जेवायचे असते, दुसऱ्याला मागावर बसायचे असते. त्याप्रमाणे उपचाराचा क्रम बदलतो.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही, हे कमला निंबकरांना पक्के ठाऊक होते. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. अस्थितज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे कारागीर, थेरपिस्ट आणि समाजसेवक यांची गाठ पडावी म्हणून त्यांनी आशियातील पुनर्वसनावरचे नियतकालिकही चालवले. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. फलटणच्या एका मराठी शाळेला त्यांचे नाव आहे.

त्यांचा प्रश्न सुरगाण्यासारख्या डोंगरी तालुक्यात विचारून पाहावा. अर्धांगवायू झालेल्या बाईला पावसाळ्यात चिखलात वाकून नागलीची रोपे लावायची असतात, विळा धरायचा असतो, उकिडवे बसून चूल पेटवायची असते. खुर्चीत नीट बसता येणे हे तिच्या यादीत बरेच खाली असेल. तिथून नाशिक सुमारे ९० किलोमीटर. दाखल्यासाठी एक दिवस, कॅलिपरच्या मापासाठी दुसरा, व्यायामासाठी तिसरा, आणि प्रत्येक खेपेला सोबत्याचीही मजुरी बुडते. तपासणारे एकमेकांशी बोलले, तर दोन खेपा वाचतात. तिला काय करायचे आहे हे कोणी विचारलेच नाही, तर मापाने बनवलेला कॅलिपरही चिखलात निरुपयोगी ठरून घराच्या कोपऱ्यात पडतो.